पवनचक्क्या उभ्या राहण्याआधी: सागरतळाची आणि माशांची पाहणी कशी करावी

समुद्रात पवनचक्क्या आल्यावर तिथलं काय बदललं हे सांगायचं, तर आधी काय होतं ते मोजलेलं हवं. ही संधी एकदाच मिळते. पहिला खांब ठोकला की 'आधीची स्थिती' कायमची गेली. नंतर कितीही खर्च केला तरी ती परत मोजता येत नाही. म्हणून आराखडा करतानाच प्रत्येक पद्धतीबद्दल विचारा: चक्क्या उभ्या राहिल्यावर हेच मोजमाप, याच ठिकाणी, याच रीतीने घेता येईल का? ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं, कारण खांब आणि केबल यांच्यामधून जाळं ओढणं धोक्याचं असतं. सगळी भिस्त ट्रॉलवर ठेवली, तर नंतर तुलनेला हाती काही उरत नाही.

ठिकाणं आणि ऋतू

प्रकल्पाच्या हद्दीत ठिकाणं घ्याच, पण हद्दीबाहेर तुलनेची क्षेत्रंही निवडा. त्यांची खोली, तळाचा प्रकार आणि प्रवाह शक्य तितके सारखे हवेत. केवळ नकाशावर जवळ दिसतं म्हणून क्षेत्र निवडणं ही नेहमीची चूक आहे. ढवळलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर जिथवर वाहत जाईल, त्या टप्प्यात तुलनेचं क्षेत्र येऊ देऊ नका. आलं तर तेही बिघडतं आणि फरक दिसतच नाही.

याशिवाय प्रवाहाच्या दिशेने वाढत्या अंतरांवर ठिकाणांची रांग ठेवा: ५०, १००, २५०, ५०० आणि १००० मीटर. खांबाभोवती प्रवाह वाळू उपसतो. वाळूच्या तळावर असा खड्डा व्यासाच्या साधारण १.३ पट खोल जाऊ शकतो. त्यामुळे जवळचा बदल आणि दूरचा बदल वेगवेगळा मोजावा लागतो. मात्र ही रांग एकाच नियोजित खांबाला बांधून ठेवू नका. चक्क्यांची मांडणी पुढे हमखास बदलते. दोन-तीन रांगा आखल्या की एखादी तरी कामाची राहते.

किमान दोन वर्षं आणि प्रत्येक ऋतूत पाहणी करा. एकाच वर्षाच्या आकड्यांवरून खरा बदल आणि त्या वर्षाचा योगायोग वेगळे करता येत नाहीत. कोणता मासा कधी, कुठे अंडी घालतो हे तिथल्या तांडेलांना, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांना, आधीच विचारून घ्या. खांब ठोकण्याचा आवाज कोणत्या महिन्यांत टाळायचा, हे याच माहितीवर ठरतं.

आधी ध्वनी, मग कॅमेरा, मग ग्रॅब

हा क्रम उलटा करू नका. ग्रॅब म्हणजे तळाचा गाळ जबड्यात धरून वर आणणारं साधन. नकाशा नसताना तो टाकला, तर दहा नमुने एकाच वाळूच्या पट्ट्यातले येतात आणि शेजारची खडी राहून जाते.

मल्टीबीम सोनार ध्वनीचे अनेक झोत सोडून तळाची खोली मोजतो. एका फेरीत तो मोजतो त्या तळाचा पट्टा खोलीच्या साधारण साडेतीन पट धरा. ३० मीटर पाण्यात तो सुमारे १०५ मीटर येतो. फेऱ्यांमधलं अंतर ७० मीटर ठेवलं की तिसरा हिस्सा एकावर एक येतो. पाण्यातला ध्वनीचा वेग दर काही तासांनी तळापर्यंत मोजा, आणि पृष्ठभागावरचा वेग शेवटच्या मोजणीपेक्षा सेकंदाला २ मीटरने बदलला की लगेच पुन्हा मोजा. हे चुकलं की सपाट तळाच्या दोन्ही कडा पडद्यावर वर वळलेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. असं वळण दिसलं तर काम थांबवा. नंतर संगणकावर ते पूर्णपणे निस्तरत नाही.

साइड-स्कॅन सोनार दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचं चित्र काढतो. तो तळापासून त्याच्या टप्प्याच्या, म्हणजे एका बाजूला जिथवर दिसतं त्या अंतराच्या, १० ते २० टक्के उंचीवर ओढायचा. ७५ मीटरच्या टप्प्याला ही उंची साडेसात ते पंधरा मीटर होते. वस्तूची उंची सावलीवरून काढता येते: सावलीची लांबी गुणिले सोनारची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर. सावली ४ मीटर, सोनार ८ मीटरवर आणि अंतर ४० मीटर असेल, तर दगड ०.८ मीटर उंच. जुने बॉम्बगोळे आणि बुडालेलं लोखंड शोधायला मॅग्नेटोमीटर लागतो. तो जहाजाच्या लांबीच्या किमान तिप्पट मागे ओढा, नाहीतर स्वतःच्या जहाजाचं लोखंडच नोंदलं जातं.

नकाशावर जे जे वेगळं दिसतं, तिथे आधी कॅमेरा सोडा. चौकटीत १० सेंटिमीटर अंतरावरचे दोन लेझर ठिपके असले की चित्रातली मापं घेता येतात. प्रवाळ, नळीत राहणाऱ्या कृमींची बेटं किंवा शिंपल्यांचा थर दिसला, तर तिथे ग्रॅब टाकू नका. जे जपायचं तेच त्याच्या जबड्यात चिरडलं जातं.

वाळू-चिखलासाठी ०.१ चौरस मीटरचा व्हॅन व्हीन ग्रॅब चालतो, खडीसाठी हॅमन ग्रॅब. ठिकाणामागे तीन नमुने घ्या आणि कणांच्या मापासाठी गाळ चाळण्याआधीच वेगळा काढा. ग्रॅब डेकवर आला की झाकण उघडून आधी पाहा. वरचं पाणी स्वच्छ, थर शाबूत आणि जबडे घट्ट मिटलेले हवेत. जबड्यात खडा अडकून फट राहिली असेल, तर वर येताना बारीक गाळ आणि त्यातले जीव वाहून गेलेले असतात. तो नमुना फेका आणि पुन्हा टाका. वाळूत ५ सेंटिमीटर आणि चिखलात ७ सेंटिमीटरपेक्षा कमी खोल गेलेला नमुनाही नाकारा.

चाळणी १ मिलिमीटरची असो वा ०.५ची, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा. पाण्याचा झोत जोरात मारला की कृमींचे तुकडे होतात. मोजताना फक्त डोकी मोजायची. शेपटांचे तुकडे मोजले तर एकाचे तीन होतात. चाळून उरलेलं ४ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवा. इथे फार गोंधळ होतो. बाटलीतलं फॉर्मेलिन स्वतःच ३७ ते ४० टक्क्यांचं असतं, म्हणून एक भाग फॉर्मेलिनला नऊ भाग समुद्राचं पाणी. त्यात बोरॅक्स घाला, नाहीतर द्रव आम्लधर्मी होऊन लहान शिंपल्यांची कवचं विरघळतात. हातमोजे आणि मोकळी हवा यात सवलत नको. डीएनए तपासायचा असेल तर तो नमुना फॉर्मेलिनमध्ये न घालता इथेनॉलमध्ये ठेवा.

मासे

कुठल्याही एका साधनाने सगळे मासे दिसत नाहीत. तळाजवळच्या छोट्या माशांसाठी २ मीटर रुंद तोंडाचं बीम ट्रॉल, म्हणजे आडव्या दांड्याने तोंड उघडं ठेवलेलं जाळं, वापरा. खोल्याला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, आतून बारीक जाळीचं अस्तर लावा. दोर खोलीच्या तिप्पट सोडा. वेळ जाळं तळाला टेकल्यापासून मोजा, पाण्यात पडल्यापासून नव्हे. जमिनीच्या सापेक्ष दीड नॉट (ताशी सुमारे २.८ किलोमीटर) वेगाने १० मिनिटं ओढलं की सुमारे ४६० मीटर अंतर होतं, म्हणजे साधारण ९२५ चौरस मीटर तळ झाडला जातो. ओढलेलं क्षेत्र लिहिलं नाही, तर पकडलेल्या माशांच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

चक्क्यांनंतरही चालणारी साधनं म्हणजे आमिषाचा कॅमेरा, सापळे आणि माशांचा पाण्यात उतरलेला डीएनए. यांवर जास्त खर्च करा. आमिषाचा कॅमेरा ६० मिनिटं तळावर ठेवा. आमिषाचा प्रकार आणि वजन दरवेळी तेच हवं, आणि दोन कॅमेऱ्यांत ५०० मीटर तरी अंतर, नाहीतर एकच मासा दोन्हीकडे हजेरी लावतो. मोजणी करताना एका चौकटीत एकाच वेळी दिसलेल्या एका जातीच्या माशांची सर्वांत मोठी संख्या घ्यायची. सगळ्या चौकटींची बेरीज केली तर तोच मासा वीस वेळा मोजला जातो.

डीएनएसाठी ठिकाणामागे तीन नमुने, पृष्ठभागाजवळून आणि तळाजवळून वेगवेगळे घेऊन गाळणीतून गाळा, आणि प्रत्येक दिवशी शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुनाही गाळा. कोऱ्या नमुन्यात माशाचा डीएनए आला, तर भांड्यांत किंवा हातांवर कुठेतरी दूषण आहे. त्या दिवसाच्या निकालांवर विसंबू नका. या पद्धतीतून माशाचं माप किंवा वय कळत नाही, आणि प्रवाह डीएनए दुरून वाहून आणतो.

मधल्या पाण्यातल्या थव्यांसाठी ३८ आणि १२० किलोहर्ट्झचा इको-साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून थवे शोधणारं यंत्र, लावा; ३८.१ मिलिमीटर व्यासाच्या टंगस्टन कार्बाइड गोळीने तो आधी जुळवून घ्या. तळाला चिकटून असलेले चपटे मासे त्याला दिसत नाहीत. सँडईल हा बारीक लांबट मासा रात्री आणि हिवाळ्यात वाळूत गाडून घेतो, तर हेरिंग खडीवर अंडी चिकटवतो. जाळं रिकामं आलं म्हणून जागा रिकामी ठरत नाही; तळाच्या नकाशावरची वाळू आणि खडी पाहून अशा जागा वेगळ्या तपासा. शार्क आणि पाकट यांना विद्युतक्षेत्र जाणवतं, म्हणून केबलच्या मार्गावरही ठिकाणं हवीतच.

नोंदी

सोनारच्या कच्च्या नोंदी, चित्रफीत आणि चाळणीतला उरलेला गाळ टाकून देऊ नका. पाच वर्षांनी दुसरी प्रयोगशाळा मोजेल, तेव्हा जातींची नावं जुळवायला प्रत्येक जातीचा एक नमुना जपलेला हवा. बरणीत चिठ्ठी आतही घाला आणि बाहेरही लावा. आतली चिठ्ठी जलरोधक कागदावर शिसपेन्सिलीने लिहा, कारण मार्करची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, आणि ठिकाणाचा क्रमांक पुसला गेला की बरणीतला नमुना कुठलाच राहत नाही.