नर्सिंग थिअरीज: पाठ करत बसू नका, एक पेशंट धरा आणि सगळ्या त्याच्यावर लावून बघा

फर्स्ट इयरला आलेल्या पोरापोरींचे दरवर्षी तेच मेसेज, अक्का ह्या थिअरीज डोक्यात बसेनात, ऑरेम कोण, रॉय कोण, हेंडरसनचे चौदा की एकवीस? चौदा गरजा हेंडरसनच्या आणि एकवीस प्रॉब्लेम्स अब्देलाचे, एवढं आत्ताच लिहून ठेवा, व्हायवात विचारतात. त्यात आपली सीमाभागातली, खानापूर, निपाणी, चंदगडकडची पोरं मराठी मीडियममधून आलेली, पुस्तक इंग्लिश, वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड, त्यामुळं पहिले काही महिने सगळंच डोक्यावरून जातं, ते चालायचंच.

माझं म्हणणं एवढंच की थिअरी म्हणजे नर्सिंगवर विचार मांडणाऱ्या ह्या प्रत्येक बाईनं पेशंटजवळ उभं राहून विचारलेला वेगळा प्रश्न आहे, तो प्रश्न कळला की बाकीचं आपोआप बसतं. आपल्याकडं सर्जिकल वॉर्डात कायम दिसणारी एक पेशंट धरू. निपाणीकडची साठीतली आजी, जन्म बिड्या वळण्यात गेला, जुनी शुगर, पायाची जखम चिघळून अंगठा काढावा लागलाय, आता इन्सुलिन सुरू.

नाइटिंगेल विचारणार, हवा येते का, उजेड आहे का, चादर स्वच्छ आहे का, आणि हा कालवा कसला? १८५९ सालच्या पुस्तकात तिनं विनाकारण होणाऱ्या आवाजावर वेगळं प्रकरणच लिहिलंय, आपल्या वॉर्डात एका पेशंटमागं पाच पाहुणे डबे घेऊन बसलेले असतात ते बघून काय म्हणाली असती कुणास ठाऊक. तिचा सगळा भर पेशंटच्या भोवतालच्या परिस्थितीवर. हेंडरसन पेशंटकडं वळते, श्वास, खाणंपिणं, लघवी-संडास, हालचाल, झोप असं करत करत चौदापर्यंत जाते आणि म्हणते यातलं जे आजीला ताकद, इच्छा किंवा माहिती नसल्यामुळं जमत नाही तेवढं तू कर, आणि लवकरात लवकर ती स्वतः करेल असं बघ. दहावी गरज बोलून सांगण्याची आणि अकरावी आपल्या श्रद्धेप्रमाणं पूजाअर्चेची, ह्या दोन स्टुडंटच्या केअर प्लॅनमधून कायम गळतात, आणि आपल्या भागात नेमक्या ह्याच लागतात.

ऑरेम आणि हेंडरसन सारख्याच वाटतात, घोळ इथंच होतो. हेंडरसन काय काय बघायचं ते सांगते, ऑरेम सांगते तू किती करायचंस आणि पेशंटनं किती. तिच्या तीन सिस्टीम आहेत. आयसीयूत बेशुद्ध पेशंटचं सगळं नर्स करते ती पहिली, ड्रेसिंग आपण करतो पण तोंड आजी स्वतः धुते ती दुसरी, आणि हात चालतात फक्त शिकवायचं राहिलंय ती तिसरी. आजी म्हणते, पोरी मला सुई टोचाय जमंल व्हय? जन्मभर बिडीला दोरा गुंडाळलेली बोटं, जमतंय की! अडचण असते ती बारीक रेघा दिसण्याची. मग सुनेला शेजारी बसवायचं, चाळीसच्या (एका मिलिलिटरात चाळीस युनिट) इन्सुलिनच्या व्हायलला लाल टोपणाचीच सिरिंज हे दाखवायचं कारण मेडिकलवाल्यानं शंभरची नारंगीवाली दिली तर डोस चुकणार, पोटावर जागा रोज बदलायची, फ्रीज नसेल तर बाटली पिशवीत बांधून गार मडक्यात. आणि हे सगळं तिच्या हातून करून घ्यायचं, आपण नुसतं बघायचं. ऑरेमची तिसरी सिस्टीम म्हणजे हीच.

रॉय जरा वेगळ्या वाटेनं जाते. तिचा प्रश्न, जे बदललं त्याच्याशी हा माणूस कसं जुळवून घेतोय? अंगठा गेला हा समोरचा धक्का, त्याच्या आजूबाजूला पैशाची ओढाताण, घरातलं वातावरण. तिचे चार मोड आहेत, शरीर, स्वतःबद्दलची भावना, भूमिका आणि नाती. आजी गप्प गप्प असते, जेवत नाही, तर ते दुखण्यामुळंच असेल असं नाही, घरात कमावणारी होती ती आता बसून खाणार, ही भूमिकेची गोष्ट झाली, आणि ती पेनकिलरनं जाणार नाही.

माझी सगळ्यात आवडती लेनिंजर. ही बाई नर्स तर होतीच, वर मानववंशशास्त्रात पीएचडी, १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत गॅडसप लोकांच्यात राहून अभ्यास केला. तिच्या मते पेशंटच्या रितीभातीकडं बघून तीन गोष्टी ठरवायच्या, काय जपायचं, कुठं तडजोड करायची आणि काय बदलायला लावायचं. आता आजीला पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचंय, नवस आहे, अनवाणी आणि उपाशी. नवस, कपाळाचा भंडारा, आई उधोचा गजर, ह्याला हात लावायचा नाही. जाणं गाडीनं, बरोबर पोराला घ्यायचं, पायात नीट बसणारी चप्पल देवळाच्या दारापर्यंत, आत जाताना ड्रेसिंगवर स्वच्छ मोजा, ही तडजोड. आणि जखमेत भंडारा भरायचा नाही, तापल्या दगडावर अनवाणी चालायचं नाही, इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नाही, हे बदलायचं, कारण पायाची जाणीव गेलेली असते, भाजलेलं कळतच नाही. नुसतं "जाऊ नका" म्हणालात तर आजी मान डोलावणार आणि तरीबी जाणार.

पेप्लॉ, जिचं पुस्तक १९५२ चं, ती सायकियाट्री पोस्टिंगला लागेल, तिथं नर्स आणि पेशंटचं नातं हेच औषध. बेटी न्यूमन कम्युनिटी पोस्टिंगला, तिचे प्रतिबंधाचे तीन स्तर (आजार होऊच न देणं, लवकर ओळखून उपचार, पुन्हा बिघडू न देणं) पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज दिसतात. वॉटसन, जिचा भर पेशंटशी मायेनं वागण्यावर, वाचायला छान आहे पण तीस बेडला दोन सिस्टर असल्यावर ती कशी अंमलात आणायची ते मला कुणी दाखवलेलं नाही. मार्था रॉजर्स फर्स्ट इयरला खोलात वाचू नका, डोकं दुखेल.

परीक्षेत तुलना करा म्हणून प्रश्न आला तर माणूस, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग ह्या चार गोष्टींचा तक्ता पाडा, दोन्ही बाजूला त्या त्या बाईचं म्हणणं लिहा, आणि खाली एकाच पेशंटचं उदाहरण दोघींच्या नजरेनं द्या. जन्म कुठं झाला, शिक्षण कुठं झालं ह्यात पानभर घालवू नका. आणि केअर प्लॅनच्या फाईलीत सीनियरची थिअरी उतरवून काढण्याआधी निदान पेशंट कुठल्या वॉर्डातला आहे ते तरी बघा, कारण स्वतः कपडे घालून फिरणाऱ्या पेशंटला ऑरेमची पहिली सिस्टीम लावलेल्या फायली मी दरवर्षी बघतेय.