टायमिंग बेल्ट तुटल्यानंतर इंजिनाचे नुकसान कसे तपासावे

कात्रजच्या घाटात धावती गाडी एकाएकी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके व सुसाट फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, तुटल्याचा संशय घ्यावा. त्यानंतर पुन्हा सेल्फ मारू नये व गाडीला धक्काही देऊ नये, कारण व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट थांबलेली असताना पिस्टन वरखाली करणारी क्रँकशाफ्ट फिरली की उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते आणि काहीच बिघडत नाही; डिझेलमध्ये ती जवळपास नसतेच. चाकणला तयार झालेल्या पोलो टीडीआयसारखे बेल्टवर चालणारे डिझेल इंजिन असेल, तर चाचण्यांत वेळ न घालवता हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवण्याची तयारी ठेवावी, असे माझे मत आहे.

पेट्रोल इंजिनात मात्र हेडला हात लावण्याआधी तपासणीचा आग्रह धरावा. प्रथम कव्हर काढून बेल्ट तुटला आहे की त्याचे दात गेले आहेत, आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा वॉटर पंप जाम झाला आहे का, हे पाहावे. मूळ कारण तसेच राहिले तर नवा बेल्टही टिकत नाही. मग सर्व स्पार्क प्लग काढून, पिस्टन मधल्या उंचीवर येतील इतकी क्रँकशाफ्ट हाताने फिरवावी, कॅमशाफ्ट तिच्या टायमिंगच्या खुणेवर आणावी, त्यानंतरच क्रँकशाफ्ट तिच्या खुणेवर नेऊन नवा बेल्ट तात्पुरता चढवावा. पान्याने दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि कोठे अडले तर जोर लावू नये.

खरा निकाल लीकडाउन, म्हणजे हवा कोठून गळते ते पाहणारी चाचणी देते. प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला (व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वर) आणून प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडावी आणि कान देऊन ऐकावे: हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला आहे, थ्रॉटलकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणापाशी मोठा फुसकारा असेल तर पिस्टन किंवा रिंगांची शंका घ्यावी, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केटची. छिद्रातून छोटा कॅमेरा घालता आला, तर पिस्टनच्या माथ्यावर उमटलेली चंद्रकोरीसारखी खूणही दिसते.

हेड उतरवावेच लागले, तर ते लेथवाल्याकडे देताना व्हॉल्व्हबरोबर गाईडही (व्हॉल्व्ह ज्यांतून सरकतात त्या नळ्या) तपासून घ्यावेत, आणि चारही पिस्टन वरच्या टोकाला किती उंच येतात ते मोजावे. एखादा कमी भरला तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. हे मोजमाप गॅरेजमध्ये बहुधा टाळले जाते, म्हणून ते आपल्यासमोर करून घ्यावे.