आमदारांकडून विधिमंडळात लेखी प्रश्न टाकून घ्यायचाय? ड्राफ्ट असा लिहा

"(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

दोन महिने खपून लिहिलेल्या प्रश्नाला एवढंच उत्तर आलं की काय होतं ते मी अनुभवलंय. आमच्या पहिल्याच प्रश्नाला हे आलं होतं. त्यानंतर गेली कित्येक वर्षं मी वेगवेगळ्या आमदारांसाठी दवाखाने, शाळा, पाणी, एसटी यावरचे प्रश्न लिहून देतेय, आणि "आमदारांना एक निवेदन द्या, ते बघून घेतील" हा जो सल्ला सगळीकडे फिरत असतो त्याचा आता खरंच राग येतो. निवेदन आणि प्रश्न या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. निवेदनावर "उचित कार्यवाहीस्तव" असा शेरा पडतो आणि ते पुढे सरकतं, बस. प्रश्न एकदा स्वीकृत झाला की मंत्र्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर त्यांच्यासमोर धरता येतं.

तारांकित की अतारांकित यावर फार डोकं लावू नका. तारांकितावर सभागृहात तोंडी चर्चा आणि पूरक प्रश्न होऊ शकतात, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच येतात, त्यामुळे गावच्या दवाखान्याच्या कामाला लेखी उत्तर पुरतं असं माझं मत आहे. आपल्याला भाषण नको, सहीचा कागद हवाय.

कोणाकडे जायचं? तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ आमदार आहेत, आणि आपल्याच मतदारसंघाचा प्रश्न विचारला पाहिजे असं काही नाही, शेजारच्या तालुक्याचे किंवा परिषदेचे आमदारही चालतात. एकाच विषयाचे प्रश्न आले की ते एकत्र करून खाली सगळ्यांची नावं छापतात, म्हणून दोघातिघांकडे ड्राफ्ट द्यायला काहीच हरकत नाही. आमदारांना गाठण्यापेक्षा त्यांच्या पीएंना गाठा, प्रश्न पाठवण्याचं काम तेच बघतात.

वेळ : अधिवेशनं वर्षातून तीन, अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी साधारणपणे नागपूरला. प्रश्न (नियमाच्या भाषेत प्रश्नाची "सूचना") अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, शेवटची तारीख पीएंना विचारून लिहून ठेवा. टीव्हीवर अधिवेशनाच्या बातम्या दिसायला लागल्या म्हणजे तुम्हाला उशीर झालेला असतो.

खातं बरोबर लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, पण शासकीय मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर वैद्यकीय शिक्षण. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, गावात येणारा ग्रामीण रस्ता ग्रामविकासकडे.

कागद आधी जमवा. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. मंजूर पदं, हजेरीपत्रक, आदेशांच्या प्रती मागा. कागद नसताना लिहिलेला प्रश्न मी आता कुणालाच लिहून देत नाही, कितीही तळमळीने आले तरी.

आता मुख्य काम. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे, कुठलीही जुनी प्रश्नयादी उघडा, सगळीकडे तेच दिसेल. "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", मग पहिल्या उपप्रश्नात घटना आणि शेवटी "हे खरे आहे काय", दुसऱ्यात "असल्यास", मग चौकशी केली का, काय आढळलं, कोणती कार्यवाही केली, आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". दिसायला एकदम सोपं, म्हणूनच लोक याची कॉपी करून गावाचं नाव टाकतात आणि सगळा खेळ तिथेच संपतो.

आमचं काय झालं ते सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर, त्यातल्या एका डॉक्टरांना वर्षभर कुणी बघितलेलं नाही. दुसरे सुट्टीवर असताना बाळंतपणाला आलेल्या एका बाईला रात्री अकराला गेटवरूनच पुढे पाठवलं, जीपमध्येच बाळंत झाली ती. आम्ही चिडून लिहिलं, "वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद एक वर्षापासून रिक्त असल्याने व प्रशासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय". उत्तर आलं, हे खरे नाही. मी तो कागद घेऊन आरोग्य खात्यातून रिटायर झालेल्या एका क्लार्ककाकांकडे गेले. त्यांनी पेन काढलं आणि "रिक्त" या शब्दाला गोल केला. म्हणाले, पद रिक्त नाहीये ताई, पद भरलेलंय, त्या डॉक्टरांचा पगार याच पदावर निघतो, माणूस फक्त प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पद इथलंच ठेवून दुसरीकडे कामाला, जिल्ह्याच्या गावी आहे. म्हणजे कागदावर उत्तर बरोबर होतं आणि बाई जीपमध्ये बाळंत झाली हेही खरं होतं, आणि आमच्या एका चुकीच्या शब्दामुळे दुसरी गोष्ट सभागृहाच्या कागदावर आलीच नाही.

हे का होतं ते समजून घ्या. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात विभागाकडे जातो, तिथून खाली आयुक्तालय, जिल्हा, तालुका असा उतरतो, आणि उत्तराचा मजकूर खालून वर चढत येतो. म्हणजे ज्यांच्या कामाबद्दल तुम्ही विचारताय त्यांच्याच टेबलावर पहिला मसुदा तयार होतो. त्यांना हाताशी थोडे दिवस असतात, त्यामुळे ते तुमच्या वाक्यात असा एक शब्द शोधतात जो नाकारता येईल. तो शब्द सापडला की पहिला उपप्रश्न पडतो, आणि बाकीचे सगळे "असल्यास" ला लटकलेले असल्यामुळे तेही पडतात. आपलं काम एवढंच, की तो शब्द त्यांना सापडू द्यायचा नाही.

म्हणून पहिल्या उपप्रश्नात एकच गोष्ट ठेवा. "व" दिसला की वाक्य तोडा, कारण दोनपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी "हे खरे नाही", फार तर "हे अंशतः खरे आहे" येतं, आणि अंशतः म्हणजे नेमकं कुठलं ते कुणी सांगत नाही. अक्षम्य, अतोनात, बेजबाबदार ही विशेषणं सगळी काढा. युक्तिवाद आणि आरोप नियमात बसत नाहीत, सचिवालय ते कापतं किंवा प्रश्नच अस्वीकृत होतो. राग मनात ठेवा, कागदावर आकडे ठेवा. शब्द आपल्या बोलण्यातले नकोत, त्यांच्याच कागदातले हवेत : रिक्त, प्रतिनियुक्ती, अनधिकृत गैरहजर, दीर्घ रजा हे चार वेगळे शब्द आहेत आणि त्यातला नेमका कुठला लागू होतो ते माहिती अधिकाराच्या उत्तरात बघूनच लिहायचं. तारखेबाबत जुन्या प्रश्नांमध्ये "माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले" असं असतं, मला सुरुवातीला ते ढिसाळ वाटायचं आणि मी ते काढून टाकायचे, मोठी चूक. तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी नकार मिळतो, "वा त्यादरम्यान" ने तो बंद होतो. ते ठेवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साखळी तोडा. निदान दोन उपप्रश्न "असल्यास" शिवाय, स्वतःच्या पायावर उभे असले पाहिजेत. आम्ही दुसऱ्यांदा टाकलेला प्रश्न गावाचं नाव काढून देते :

(१) उक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक वैद्यकीय अधिकारी अन्य ठिकाणी प्रतिनियुक्तीवर असल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, प्रतिनियुक्तीच्या आदेशाचा दिनांक व मुदत काय आहे,
(३) उक्त केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व प्रत्यक्ष कार्यरत पदे किती आहेत,
(४) माहे एप्रिल ते जून या कालावधीत उक्त केंद्रात झालेल्या प्रसूतींची महिनानिहाय संख्या किती आहे,
(५) दोन्ही वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष उपलब्ध करून देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली व ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होणार आहे ?

(३) आणि (४) बघा, पहिल्याला नकार दिला तरी आकडे द्यावेच लागतात, आणि मंजूर दोन, भरलेली दोन, प्रत्यक्ष कार्यरत एक असं आलं की पहिल्याचं उत्तर त्यातच मिळतं. (५) मध्ये दिनांक विचारलाय कारण नुसतं "कोणती कार्यवाही" विचारलं तर "कार्यवाही सुरू आहे" येतं आणि ती वर्षानुवर्षं सुरूच राहते. उत्तर आलं तेव्हा त्यात प्रतिनियुक्ती रद्द केल्याचा आदेश होता, आणि त्या आदेशाची तारीख आमचा प्रश्न गेल्यानंतरची होती. डॉक्टर उत्तराच्या आधीच हजर झाले होते.

दोन इशारे. पेशंटचं नाव प्रश्नात कधीही लिहू नका, ते छापलं जातं आणि कायम राहतं, घरच्यांनी सांगितलं तरी लिहू नका. आणि त्याच विषयावर कुणी कोर्टात गेलंय का ते विचारून घ्या, न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न परत येऊ शकतो.

रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीय महामार्ग असेल तर खासदारांकडे जा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, सूचना किमान १५ दिवस आधी, प्रश्न १५० शब्दांच्या आत. तिथे दवाखान्याचं विचारलं तर "आरोग्य हा राज्याचा विषय आहे" एवढंच मिळतं, म्हणून केंद्राच्या योजनेतून राज्याला किती निधी दिला आणि किती खर्च झाला तेवढंच विचारा.

उत्तर आलं की फोटो काढून ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. "करण्यात येईल" असं कुठेही असेल तर ते आश्वासन आहे, विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आमदारांना सांगून तिथे पाठपुरावा करून घ्या. दिलेले आकडे दवाखान्याच्या रजिस्टरशी जुळवा. जुळले नाहीत तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयारच आहे, "अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात दोन्ही वैद्यकीय अधिकारी कार्यरत असल्याचे नमूद केले आहे, हे खरे आहे काय" अशी सुरुवात करा, कारण हे वाक्य त्यांचंच आहे आणि याला "हे खरे नाही" म्हणता येत नाही.