पहिला रिव्ह्यू करायला बसताय? मग हे आधी वाचा

स्वतःचा एखादा पेपर छापून आला की काही महिन्यांत जर्नल्सचे मेल सुरू होतात, अमुक मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे अजून न छापलेला पेपर, रिव्ह्यू करून, म्हणजे तपासून त्यावर रिपोर्ट द्याल का म्हणून, आणि आपल्याकडच्या बहुतेक पोरापोरींना तोपर्यंत हे काम कसं करतात ते कुणी दाखवलेलंच नसतं. कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजी असते, यूजीसीने २०१९ च्या डिसेंबरात पब्लिकेशन एथिक्सचा २ क्रेडिटचा कोर्सही पीएचडीवाल्यांना सक्तीचा केला, ते सगळं ठीक, पण समोर पेपर ठेवून "बस, याचा रिपोर्ट लिही" म्हणणारं कुणी नसतं. मी मातीतल्या बुरशींवर काम करते, बरीच वर्षं पेपर आणि ग्रँट (संशोधनाला पैसे मागणारे अर्ज) दोन्ही रिव्ह्यू करतेय, तर जे मला उपयोगी पडलं ते इथे सांगते. तुमचा विषय वेगळा असला तरी पद्धत फार बदलत नाही.

मेल आला की लगेच हो म्हणू नका. आधी जर्नल खरं आहे का बघा. हे आपल्याकडे जास्तच बघावं लागतं. पुण्याच्या भूषण पटवर्धन सरांच्या टीमने २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये छापलेली तपासणी आठवा, यूजीसीच्या त्या वेळच्या मान्य जर्नल्सच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली आणि स्कोपस-वेब ऑफ सायन्स या जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये नसलेली १००९ जर्नल्स त्यांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली, कुणाचा पत्ताच नाही, कुणाचा आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) चुकीचा, कुणी इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलचे पेपर सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा) मनाने लिहिलेला. अशा जर्नलसाठी रिव्ह्यू करणं म्हणजे त्यांच्या दुकानाला आपलं नाव देणं. मेलमध्ये 'आदरणीय थोर संशोधक' छापाची स्तुती आणि ३ दिवसांची मुदत दिसली की सोडून द्या.

मग बघायचं की विषय आपला आहे का. पूर्ण पेपर आपल्या आवाक्यातला असायलाच पाहिजे असं नाही हां, हा गैरसमज फार आहे, आणि त्यामुळे चांगली चांगली मुलं नाही म्हणून टाकतात. मला मायक्रोबायोलॉजीचा भाग तपासता येईल, जिनोम असेम्ब्लीचा नाही, असं एडिटरला स्पष्ट लिहिलं की तो दुसरा माणूस शोधतो, त्याला तेच हवं असतं. आणि तिसरं, हितसंबंध. लेखकांमध्ये आपला गाइड, आपला जुना लॅबमेट, गेल्या काही वर्षांतला सहलेखक, एकाच संस्थेतलं कुणी असेल तर एडिटरला सांगून टाकायचं. आपण स्वतः हुबेहूब त्याच प्रश्नावर पेपर लिहीत असू तर तेही सांगायचं. नाही म्हणायचं असेल तर पटकन म्हणा आणि जमलं तर एकदोन नावं सुचवा. मेल आठवडाभर तसाच ठेवून देणं हे सगळ्यात वाईट, तिकडे एखाद्याची पीएचडी त्या पेपरवर अडकलेली असते.

एक नाजूक गोष्ट आहे पण बोलायला पाहिजे. सरांकडे रिव्ह्यू येतो, सर तो स्टुडंटला देतात, स्टुडंट रात्री जागून रिपोर्ट लिहितो आणि तो सरांच्या नावाने जातो. शिकायला ही पद्धत उत्तम आहे, बहुतेक जण असेच शिकले, पण एडिटरला न विचारता मॅन्युस्क्रिप्ट दुसऱ्याला दाखवणं नियमात बसत नाही आणि काम करणाऱ्याचं नाव न कळवणंही बरोबर नाही. कोप म्हणजे प्रकाशनातल्या नैतिकतेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे स्पष्ट आहे. आता बऱ्याच जर्नल्सच्या फॉर्ममध्ये को-रिव्ह्यूअरचं नाव टाकायची सोय असते. सरांना सरळ म्हणा, "सर, एडिटरला माझं नाव कळवू या का, माझ्या ऑर्किडवर पण नोंद होईल." (ऑर्किड म्हणजे संशोधकाची ऑनलाइन ओळख-नोंद.) बहुतेक सर ऐकतात, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

आता वाचायचं कसं. पहिल्यांदा काही न लिहिता सलग वाचा. मग ॲब्स्ट्रॅक्टमधला मुख्य दावा एका कागदावर वर लिहा आणि खाली लिहा की हा दावा कुठल्या फिगरवर, कुठल्या टेबलवर उभा आहे. मग थेट मेथड्स. इंट्रोडक्शन आणि डिस्कशन शेवटी, कारण चांगलं लिहिणारा माणूस डिस्कशनमध्ये आपल्याला सोबत ओढत नेतो.

खरे पेपर सांगता येत नाहीत, गोपनीय असतात, म्हणून एक बनवलेलं उदाहरण देते. समजा पेपर म्हणतोय की ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या एका स्ट्रेनमुळे (वाणामुळे) तुरीवरचा मर रोग ६० टक्क्यांनी कमी झाला आणि शेतकऱ्यांना ही शिफारस करावी. मेथड्समध्ये गेलात तर दिसतं की ट्रायकोडर्माचा एक वाफा, कंट्रोलचा एक वाफा, प्रत्येकात ३० रोपं, आणि स्टॅटिस्टिक्समध्ये एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ३० धरलीय. इथे थांबायचं. मरीची बुरशी जमिनीत सगळीकडे सारखी नसते, एका वाफ्यात मुळातच कमी असू शकते, मग जो फरक दिसतोय तो ट्रायकोडर्माचा की जमिनीचा हे या प्रयोगातून कळणारच नाही. ती ३० रोपं ३० स्वतंत्र नमुने नाहीतच, खरा एन १ आहे. याला सूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टचा १९८४ चा पेपर यावरच आहे, फिल्डमध्ये काम करणाऱ्याने तो वाचावाच. पुढे बघा, कंट्रोलला नुसतं पाणी दिलंय का? मग ट्रायकोडर्मा ज्या माध्यमात वाढवली त्या माध्यमाचाच खत म्हणून परिणाम झाला असेल, ऑटोक्लेव्ह करून मारलेलं कल्चर कंट्रोल म्हणून हवं होतं. आणि स्ट्रेनची ओळख फक्त आयटीएस या डीएनएच्या एका तुकड्याच्या सिक्वेन्सवर केलीय, ट्रायकोडर्माच्या प्रजाती त्यावरून नीट वेगळ्या होत नाहीत, टेफ-वन जीन लागतो.

आता या तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि रिव्ह्यूअरची खरी परीक्षा इथेच असते. पहिली गोष्ट पुन्हा लिहून दुरुस्त होत नाही, एक तर रँडमाइज्ड ब्लॉकमध्ये (दोन्ही उपचारांचे अनेक वाफे, चिठ्ठीने ठरवलेल्या जागी) प्रयोग पुन्हा करा नाहीतर शेतकऱ्यांच्या शिफारशीचा दावा काढा. दुसरी पण गंभीर. तिसरी किती गंभीर ते दाव्यावर आहे, पेपर जर म्हणत असेल की ही अमुक प्रजाती इथे पहिल्यांदाच सापडली तर मोठी, नाहीतर लेखकांनी प्रजातीचं नाव सोडून नुसतं ट्रायकोडर्मा म्हटलं तरी चालतं. नवीन रिव्ह्यूअर काय करतो, या तिन्ही आणि शिवाय १५ स्पेलिंगच्या चुका एकाच यादीत देतो, मग एडिटरला कळतच नाही की पेपर बुडणार कशाने आहे. निर्णय एडिटरचा असतो, तो त्याला घेता यावा आणि लेखकाला पुढे काय करायचं ते कळावं, एवढ्यासाठी आपला रिपोर्ट असतो. प्रत्येक वाक्य लिहिताना विचारा, हे वाचून कोण काय करणार आहे?

रिपोर्टची रचना साधी ठेवा. सुरुवातीला चारपाच ओळीत पेपर काय म्हणतोय ते आपल्या शब्दांत, आणि त्यात चांगलं काय आहे तेही. ही ओळख टाळू नका, लेखकाला कळतं की आपला पेपर खरंच वाचलाय. मग मोठे मुद्दे नंबर देऊन, मग किरकोळ. 'स्टॅटिस्टिक्स कमकुवत आहे' याचा काही उपयोग नाही. 'टेबल २ मध्ये वाफा हे एकक धरायला हवं, सध्या रोप धरलंय, त्यामुळे पी व्हॅल्यू टिकत नाही' असं लिहा (पी व्हॅल्यू म्हणजे फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती ते सांगणारा आकडा). जास्तीचे प्रयोग मागताना सांगा की हा दावा टिकायला हे लागेलच की झालं तर बरं. वर्षभराचं काम सहज मागून मोकळं होऊ नका. इंग्रजी वाईट आहे, नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या असले शेरे आपल्यातल्या कितीतरी जणांनी खाल्लेत, आपण तरी ते दुसऱ्याला देऊ नयेत, कुठलं वाक्य कळलं नाही ते सांगा बास. लेखकांना आपले स्वतःचे पेपर संदर्भ म्हणून द्यायला लावू नका. आणि एडिटरसाठी जो वेगळा गुप्त बॉक्स असतो त्यात लेखकाला सांगितलं त्याच्या उलटं लिहू नका, वर गोड आणि आत रिजेक्ट, याने एडिटरची अडचण होते आणि लेखकाला काही समजत नाही.

मोठ्या नावाला दबू नका. १९३६ मध्ये आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर फिजिकल रिव्ह्यूने रिव्ह्यूअरकडे पाठवला, आइनस्टाइन चिडला आणि पेपर मागे घेतला, पण रिव्ह्यूअरने, म्हणजे रॉबर्टसनने, चूक बरोबर पकडली होती आणि पुढे दुसरीकडे छापताना आइनस्टाइनने निष्कर्ष बदलला.

सगळ्या चुका आपल्यालाच सापडल्या पाहिजेत असं ओझं मात्र घेऊ नका. बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या लोकांनी एक अभ्यास केला होता, पेपरमध्ये मुद्दाम ९ मोठ्या चुका घालून रिव्ह्यूअर्सना दिला, सरासरी ३ पण सापडल्या नाहीत, आणि छोटं ट्रेनिंग देऊनही फार फरक पडला नाही, तो २००८ मध्ये छापून आलाय. म्हणून मला वर्कशॉपपेक्षा सराव महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची सोय आज फुकट आहे. एम्बो जर्नल, ईलाइफ, नेचर कम्युनिकेशन्स यांच्या कितीतरी पेपर्सचे रिव्ह्यू रिपोर्ट उघड वाचता येतात. आपल्या विषयाचा पेपर घ्या, रिपोर्ट न उघडता स्वतःचा रिपोर्ट पूर्ण लिहा, मग त्यांचे उघडून शेजारी ठेवा. काय सुटलं आणि काय आपण उगाच मोठं केलं ते लगेच दिसतं. महिन्याला एक केलात तरी वर्षभरात हात बसतो. खऱ्या रिव्ह्यूनंतर जर्नलकडून दुसऱ्या रिव्ह्यूअरचे मुद्दे येतात तेही असेच वाचा.

आणि मॅन्युस्क्रिप्ट चॅटजीपीटीसारख्या ठिकाणी टाकू नका. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे तिथल्या वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ च्या जूनमध्ये ग्रँट रिव्ह्यूसाठी हे सरळ बंदच केलं. दुसऱ्याचं न छापलेलं काम आहे ते, आपल्या विश्वासावर दिलेलं.

आता ग्रँट. इथे डोकं वेगळं लावावं लागतं. पेपरमध्ये काम झालेलं असतं, ग्रँटमध्ये व्हायचं असतं, त्यामुळे त्रुटी शोधत बसलात तर प्रत्येक प्रपोजल पाडता येतं. आपल्याकडे पूर्वी एसईआरबी होतं ते आता एएनआरएफमध्ये गेलं, शिवाय डीबीटी, आयसीएमआर, इंडिया अलायन्स, या सगळ्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. सुरुवातीला मार्कांची दिशा बघा, एनआयएचमध्ये १ म्हणजे सर्वोत्तम आणि ९ म्हणजे सगळ्यात कमी, बाकी कितीतरी ठिकाणी उलटं.

मी आधी उद्दिष्टं एकमेकांवर कशी टेकलीत ते बघते. पहिलं उद्दिष्ट फसलं की दुसरं-तिसरं आपोआप मरत असेल आणि पर्याय लिहिलेला नसेल तर ती मोठी अडचण. मग वेळापत्रक. वरचंच उदाहरण घ्या, तूर खरिपाची, पेरणी जून-जुलैत. पैसे सप्टेंबरात आले तर पहिला हंगाम गेलाच, ३ वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये खरे हंगाम २ उरतात, आणि प्रपोजलमध्ये ३ हंगामांचा डेटा लिहिलेला असतो. हे फिल्डवाल्याला लगेच दिसतं, दुसऱ्याला नाही, म्हणून तर आपल्याला विचारलेलं असतं. बजेटमध्ये महागडं मशीन मागितलंय पण ते चालवायला माणूस नाही, कन्झ्युमेबल्स नाहीत, हेही बघा. जंगलातून नमुने आणायचे तर वनखात्याची परवानगी, परदेशी सहकारी असेल तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी, याला किती महिने लागतात ते त्यांनी धरलंय का?

ग्रँटच्या शेऱ्यांवर कमिटी चर्चा करते आणि तिथे आपण नसतो. 'चांगलं प्रपोजल, विचार व्हावा' एवढं लिहिलं तर त्याच्या बाजूने कुणी बोलूच शकत नाही. मार्क आणि शब्द जुळले पाहिजेत, १० पैकी ६ दिलेत तर ते ४ कुठे गेले ते लिहा. ठाम लिहा, कारण रिव्ह्यूअर्सचं आपसात फारसं जमत नाही हे दिसलेलं आहे. २०१८ च्या एका अभ्यासात एनआयएचच्या २५ अर्जांवर ४३ रिव्ह्यूअर्स बसवले, एकाच अर्जाबद्दल त्यांचं एकमत जवळजवळ नव्हतंच.

आणि हे मला मनापासून सांगायचंय. १९९७ मध्ये स्वीडनच्या वेनेरास आणि वोल्ड या दोघींनी तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे मार्क तपासले तर पुरुषाइतकेच मार्क मिळायला बाईला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. आपल्याकडे याच्या जोडीला संस्थेचं नाव असतं. आयआयटी-आयसर दिसलं की क्षमता गृहीत धरली जाते आणि तालुक्याच्या कॉलेजचं नाव दिसलं की शंका सुरू. तिथल्या असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, शिवाय परीक्षा, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), इलेक्शन ड्यूटी, त्याच्या पेपरांची संख्या कमीच असणार. त्याने सिक्वेन्सिंग कुठे करणार, मायक्रोस्कोप कुणाचा वापरणार याची सोय लेखी जोडली असेल तर तो प्रश्न मिटला, पुढे कल्पनेवर बोला. जोडली नसेल तर 'क्षमता नाही' असं न लिहिता 'सहकार्याचं पत्र जोडावं' असं लिहा. एका ओळीने त्या माणसाचं पुढचं वर्ष वाचतं.

ज्यांना अजून एकही मेल आलेला नाही त्यांनी वाट बघत बसू नका. ऑर्किड अपडेट करा, आपल्या विषयाच्या दोन-तीन जर्नल्सच्या पोर्टलवर कीवर्ड नीट भरा, नुसतं 'बायोलॉजी' असं नको, आणि असोसिएट एडिटरला चार ओळींचा मेल टाका की मी अमुक पद्धती तपासू शकते किंवा शकतो. अमेरिकेत असाल तर एनआयएचचा अर्ली करिअर रिव्ह्यूअर प्रोग्राम बघा, तिथे खऱ्या पॅनेलमध्ये बसता येतं. पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. किती घ्यायचे तर माझा हिशोब असा, माझा एक पेपर दोन-तीन लोक वाचतात, म्हणून मी एक पाठवला की दोन-तीन करते, त्याहून जास्त आले तर नाही म्हणते. आणि सुधारलेला पेपर परत आला की आधी लेखकांचं उत्तर वाचा, पहिल्या फेरीत न काढलेले नवीन मुद्दे तेव्हा काढू नका, फक्त त्यांनी काही नवीन घातलं असेल तेवढंच तपासा.