‘म्हण बघू’ म्हणू नका : मुलांना परकी भाषा खेळातून कशी शिकवावी

परकी भाषा शिकवायची म्हटलं की लोक आधी भिंतीवर तक्ता लावतात. फळं, रंग, प्राणी. दोन आठवड्यांत मूल तीस नावं घडाघडा म्हणून दाखवतं, पण त्याच भाषेत कोणी ‘इकडे ये’ म्हटलं तर ढिम्म उभं राहतं. तो तक्ता काढून ठेवा. मी हे काम बरीच वर्षं करतेय, बहुतेक चार ते नऊ वयाच्या मुलांबरोबर. उदाहरणं स्पॅनिशची देते, कारण मला ती येते. तुम्ही तुमची भाषा घाला.

वेळ रोज पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदाच दोन तास बसवणार असाल तर सुरूच करू नका.

पायरी १ : आधी कान, मग हातपाय

दहा-बारा आज्ञा निवडा. ‘साल्ता’ म्हणजे उडी मार, ‘कोर्रे’ म्हणजे पळ, ‘पारा’ म्हणजे थांब, ‘तोका ला नारिस’ म्हणजे नाकाला हात लाव. तुम्ही बोला आणि स्वतः करा, मूल बघून करेल. मग करणं बंद करा, नुसतं बोला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली, ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाने. आपल्याकडचा ‘शिवाजी म्हणतो’ खेळलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. भाषांतर करू नका. उडी मारल्यावर ‘साल्ता’चा अर्थ कळलेला असतो.

पायरी २ : कानातून जिभेवर

इथे सगळे अडकतात. मीही अडकले होते.

माझी भाची तेव्हा पाच वर्षांची. तीन आठवड्यांत तिला सगळ्या आज्ञा कळायला लागल्या, पण तोंडातून एक शब्द नाही. एकदा पाहुणे आले आणि मला राहवलं नाही. “म्हणून दाखव ना, नाकाला काय म्हणतात?” ती पडद्यामागे गेली. पुढचा दीड महिना मी स्पॅनिश बोलायला लागले की कानावर हात. चूक सगळी माझी. मुलाचं हे गप्प राहणं म्हणजे अपयश नव्हे. काही मुलं आठवडाभराने बोलतात, काहींना महिने लागतात. आत साठा होत असतो. तुम्ही विहीर खणून पाणी लागायच्या आधीच बादली सोडलीत, तर आवाज कोरडाच येणार.

म्हणून ‘म्हण बघू’ आणि ‘याला काय म्हणतात?’ ही दोन वाक्यं कायमची बंद. ती परीक्षा आहे, आणि मुलाला परीक्षेचा वास लगेच येतो.

त्याऐवजी उतार सोपा करत न्या. आधी फक्त बोट दाखवायला लावा. मग असे प्रश्न, ज्यांना ‘सी’ (हो) किंवा ‘नो’ (नाही) पुरेल. लाल खडू हातात घेऊन विचारा, “आसुल?” म्हणजे निळा? मूल उसळून ‘नो!’ म्हणतंच. मुलांना मोठ्यांची चूक काढण्याइतकं सुख कशात नसतं. मग दोन खडू धरा : “रोहो ओ आसुल?” लाल की निळा? उत्तर प्रश्नातच आहे, आठवावं लागत नाही. आणि विचारल्यावर गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. पाच सेकंद फार मोठे वाटतात. वाटू द्या.

शेवटी सत्ता मुलाच्या हातात द्या. आता ते हुकूम सोडेल आणि तुम्ही नाचाल. माझ्याकडे मोज्याची एक बाहुली आहे, तिला मराठी अजिबात कळत नाही. मूल मराठीत बोललं की ती घोरते. ‘साल्ता!’ म्हटलं की उडी मारते, कधी मुद्दाम बसते, मग मूल ओरडून पुन्हा सांगतं. भाची शेवटी बोलली ती या बाहुलीशी, माझ्याशी नव्हे.

आता चुका. काळ्या गाईला मूल ‘वाका नेग्रो’ म्हणालं, तर “चूक! नेग्रा!” असं अंगावर जाऊ नका. “सी, वाका नेग्रा!” म्हणा आणि पुढे चला. बाळ ‘काळा गाय’ म्हणालं तर आपण “हो रे, काळी गाय आली” असंच म्हणतो ना? विशेषणाचं लिंग बदलणं मराठी मुलाच्या हाडात आहेच. त्याचं व्याकरण शिकवत बसू नका.

पायरी ३ : टिकवणं

चित्रांची पत्तेवजा कार्डं आणि तीन डबे. शब्द ओळखला की कार्ड पुढच्या डब्यात, नाही तर परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. ही जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांच्या पाच कप्प्यांच्या पेटीची लहानांसाठीची आवृत्ती. कार्डावर चित्रच हवं, मराठी शब्द नको.

पायरी ४ : गोष्ट

एकच गोष्ट, पन्नास वेळा. तुम्ही कंटाळाल, मूल नाही. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. पहिल्या पातळीचीच घ्या.

पडद्याचं काय?

कार्टून लावून मूल भाषा शिकेल, हे मला रोज कोणीतरी सांगतं. अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच पडद्यावर पाहिलेल्यांना आले नाहीत. ती बाळं होती, तुमचं मूल मोठं आहे, त्यामुळे व्हिडिओ अगदी वाया जात नाही. पण शेजारी बसा, मध्येच थांबवा, तिथली एखादी आज्ञा उचलून खेळात आणा.

लिहिणं-वाचणं

सगळ्यात शेवटी. मूल चार-पाच वाक्यं आपणहून बोलायला लागल्यावर. आणि उच्चार देवनागरीत लिहून देऊ नका, मूल अक्षरांना चिकटून वाचतं आणि आवाज तिथेच गोठतो. मी इथे लिहिलेत ते तुमच्यासाठी. मुलाला दाखवू नका.