प्रॉक्सी फायरवॉलच्या मागची साईट ५०० देतेय? आधी नेमकं कोण बोलतंय ते बघा

साईट आतल्या नेटवर्कमधून झकास उघडते आणि बाहेरून आलं की ५०० इंटर्नल सर्व्हर एरर. ज्यांनी ज्यांनी साईट प्रॉक्सी फायरवॉलमधून, म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट स्वतः घेऊन मागच्या सर्व्हरकडे नेणाऱ्या फायरवॉलमधून, पब्लिश केलीय (बाहेरच्यांना खुली केलीय) त्यांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. मग डेव्हलपर म्हणतो माझ्याकडे चालतंय, नेटवर्कवाला म्हणतो पोर्ट उघडं आहे, आणि दोघांच्या मध्ये दोन दिवस जातात. माझं म्हणणं एकच आहे, काहीही बदलायच्या आधी तो ५०० कोणी तयार केला ते शोधा, फायरवॉलने का मागच्या सर्व्हरने. हे कळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं. आणि कृपा करून पहिल्या पाच मिनिटांत सगळं रिस्टार्ट मारू नका, पुरावा जातो आणि प्रॉब्लेम मात्र परत येतो.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की इथे कनेक्शन एक नसतं, दोन असतात. ब्राउझर ते फायरवॉल हे पहिलं. फायरवॉल तिथे एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, उलगडते, रिक्वेस्ट तपासते, आणि मग स्वतःच क्लायंट होऊन मागच्या वेब सर्व्हरकडे दुसरं, नवीन कनेक्शन लावते. म्हणजे मागच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याची ओळख पटवणारा दाखला) युजरचा ब्राउझर कधी बघतच नाही, ते फायरवॉल बघते, आणि ब्राउझरसारखं "तरी पुढे जायचं का" असं विचारायची तिला सोय नसते, पटलं नाही की सरळ एरर.

आता गोंधळ इथे होतो. एचटीटीपीच्या नियमाने मागून धड उत्तर आलं नाही तर प्रॉक्सीने ५०२ द्यायचा, वेळेत आलं नाही तर ५०४, आणि ५०० म्हणजे उत्तर देणाऱ्याचंच काहीतरी बिघडलं. पण सगळे प्रॉक्सी असं वागत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या दोन जुन्या प्रॉक्सी फायरवॉल, आयएसए सर्व्हर आणि त्याच्या पुढचा टीएमजी, या मागच्या एसएसएलचं जमलं नाही तरी ५०० देतात, स्वतःच्या फिल्टरने रिक्वेस्ट अडवली तरी ५०० देतात. अपाचे या वेब सर्व्हरचा प्रॉक्सी मागच्या सर्व्हरशी एसएसएल हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातीची जुळणी) फसला की ५०० देतो. त्यामुळे नुसता ५०० आकडा बघून ॲप्लिकेशनवाल्याला धरू नका.

ओळखायचं कसं? एक वेळ ठरवा, घड्याळ बघून बाहेरून एकच रिक्वेस्ट मारा, शक्यतो यूआरएलच्या शेवटी काहीतरी ओळखीचं लावून, म्हणजे प्रश्नचिन्ह आणि पुढे तपासणी१ वगैरे, ते इंग्रजी अक्षरांत लावा. मग मागच्या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ती ओळ शोधा. ओळ आहे आणि तिथेच ५०० लिहिलाय तर दोष मागे आहे. ओळच नाही तर रिक्वेस्ट तिथवर पोचलीच नाही, फायरवॉलने मध्येच उत्तर देऊन टाकलं. ओळ आहे पण २०० आहे आणि युजरला ५०० दिसतोय, तर उत्तर परत येताना फायरवॉलने अडवलं. एवढी एक तपासणी सगळ्यात मोलाची. फक्त आयआयएसचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचा, लॉग बघत असाल तर लक्षात ठेवा की त्यातली वेळ डिफॉल्टने यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तुमच्या घड्याळाची नसते, आणि ओळी लगेच फाईलमध्ये उतरत नाहीत, थोडं थांबावं लागतं. "लॉगमध्ये काहीच नाहीये" असं ठासून सांगणारी बरीच मंडळी चुकीच्या तासात बघत असतात.

दोष मागे निघाला तर फायरवॉलला हात लावू नका. आयआयएसमध्ये ५०० च्या पुढचा सबस्टेटस (पॉइंटनंतरचा उपआकडा) बघा. ५००.१९ म्हणजे वेब कॉन्फिग फाईल त्याला वाचता येत नाहीये किंवा तिच्यात काहीतरी चुकलंय, ५००.३० म्हणजे एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (मायक्रोसॉफ्टची वेब ॲप बनवायची प्रणाली) लिहिलेलं ॲप सुरूच होऊ शकलं नाही. आणि आयआयएस सविस्तर एरर फक्त त्याच मशीनवरून बघितलं तर दाखवतो, बाहेरच्याला गुळमुळीत पान देतो, म्हणून सर्व्हरवर बसून ब्राउझर उघडा.

आता फायरवॉलनेच ५०० दिला असेल तर, आधी आयएसए आणि टीएमजीचं बघू. सगळ्यात जास्त भेटणारा एरर म्हणजे "टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट", सोबत उणे २१४६८९३०२२ असा आकडा, हेक्समध्ये शून्य एक्स ८००९०३२२. अर्थ साधा आहे, पब्लिशिंग रूलमध्ये (कुठली साईट मागच्या कुठल्या सर्व्हरकडे न्यायची ते सांगणारा नियम) मागच्या सर्व्हरचं जे नाव लिहिलंय ते त्याच्या सर्टिफिकेटवर नाहीये. मी एका ठिकाणी हेच बघितलंय, आदल्या रात्री सर्टिफिकेट रिन्यू झालं, जुन्यावर सर्व्हरचं आतलं नाव होतं, नव्यावर फक्त बाहेरचं आलं, रूल कोणी बदलला नाही आणि सकाळपासून बाहेरचे सगळे युजर बंद. आतून चालत होतं कारण आतले लोक बाहेरच्याच नावाने जायचे. त्यामुळे "आम्ही फायरवॉलला काहीच केलं नाही" हे खरंच होतं.

यावर उपाय असा की रूलच्या टू टॅबवर साईटचं नाव अगदी तेच लिहा जे सर्टिफिकेटवर आहे, आणि ते नाव फायरवॉलला बाहेरच्या पत्त्यावर नेत असेल तर आयएसए २००६ पासून खाली वेगळा रकाना आहे, तिथे मागच्या सर्व्हरचा आतला आयपी द्या. नाहीतर फायरवॉलच्या होस्ट्स फाईलमध्ये (कुठल्या नावाचा कुठला आयपी याची त्या मशीनवरची यादी) नोंद करा. हे केलं नाही तर फायरवॉल ते नाव शोधून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येते आणि लूप होतो, तेव्हा १२२०६ हा आकडा दिसतो. आणखी एक, आयएसए २००६ मध्ये सर्व्हिस पॅक १ टाकला नसेल तर मागच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर बरीच पर्यायी नावं असली तरी तो सगळी बघत नाही, मूळ नाव किंवा यादीतलं पहिलं पर्यायी नाव एवढंच. नाव डोळ्यांना दिसतंय तरी एरर येतोय, असं झालं की हे आठवा. त्याच सर्व्हिस पॅकने रूलमध्ये टेस्टचं बटण आणलं, टीएमजीमध्येही आहे, ते आधी दाबून बघा, पुष्कळदा तिथेच कारण लिहून येतं.

आकड्याचा शेवट ३०१९ असेल, म्हणजे उणे २१४६८९३०१९, तर सर्टिफिकेट देणारी रूट अथॉरिटी फायरवॉलला ओळखीची नाही. आतल्या स्वतःच्या अथॉरिटीने दिलेलं सर्टिफिकेट असलं की हे होतं. ते रूट सर्टिफिकेट फायरवॉलच्या कॉम्प्युटर स्टोअरमध्ये (अख्ख्या मशीनचा सर्टिफिकेटांचा साठा) घाला, लॉगिन केलेल्या युजरच्या स्टोअरमध्ये नाही, सर्व्हिस तुमच्या नावाने चालत नसते. रूट आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटला जोडणारं मधलं इंटरमीडिएट सर्टिफिकेट मागच्या सर्व्हरने पाठवायला हवं. शेवट ३०१६ असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपलीय, तारीख बघा आणि फायरवॉलचं घड्याळही बघा.

यातलं काहीही झालं तरी सर्टिफिकेट तपासणी बंद करून किंवा मागे साधं एचटीटीपी करून मोकळं होऊ नका. लोकांचे पासवर्ड त्या दुसऱ्या कनेक्शनवरूनच जातात, युजरला तर कुलूप दिसतंय म्हणून तो विश्वासाने टाकतोय.

दुसरा मोठा प्रकार १२२१७, रिक्वेस्ट एचटीटीपी फिल्टरने नाकारली. हा सगळ्या साईटला येत नाही, ठरावीक पानांना येतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. फिल्टरमध्ये हाय बिट कॅरेक्टर्स अडवायचा पर्याय चालू असला की यूआरएलमध्ये देवनागरी किंवा कुठलीही इंग्रजीबाहेरची अक्षरं आली की खेळ खलास, मराठी नावाची पीडीएफ उघडत नाही आणि तीच फाईल इंग्रजी नावाने उघडते. नॉर्मलायझेशनची (यूआरएलमधलं एन्कोडिंग उलगडून बघायची) तपासणी चालू असेल तर दोनदा एन्कोड झालेली यूआरएल अडते, टक्क्याचं चिन्ह असलेली फाईल किंवा वेबमेलमधल्या मेलचा विषय असला की हे होतं. शिवाय यूआरएल आणि क्वेरी दोन्हीला डिफॉल्ट मर्यादा १०२४० बाइट, लांबलचक रिपोर्टच्या लिंका तिथे मरतात. अख्खा फिल्टर बंद करायची गरज नाही, तो प्रत्येक रूलला वेगळा लावता येतो, तर त्या साईटच्या रूलपुरताच आणि तेवढाच पर्याय सैल करा.

मॉडसिक्युरिटी (वेब सर्व्हरला जोडायची वेब ॲप्लिकेशन फायरवॉल) लावलेली असेल तर तिथे जवळपास असाच सापळा आहे, फक्त उलट्या दिशेने. रिस्पॉन्स तपासायला लावला असेल तर त्याला ५२४२८८ बाइटची डिफॉल्ट मर्यादा आहे, त्याच्यावर गेलं आणि रिजेक्ट ठरवलेलं असलं की ५०० मिळतो. मागच्या लॉगमध्ये २०० आणि युजरकडे ५००, तेही फक्त मोठ्या पानांना, असं दिसलं की इथेच या.

अपाचे पुढे ठेवलाय आणि मागे एचटीटीपीएस आहे तर एसएसएल प्रॉक्सी इंजिन ही सेटिंग चालू केलीय का बघा, विसरलात तर ५००. लॉगमध्ये एएच०११४४ आला तर प्रॉक्सीचं त्या प्रोटोकॉलचं मॉड्यूल लोडच केलेलं नाही. एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आणि प्रॉक्सी मागचा हँडशेक फसला तर ५०२ देतो, त्यामुळे त्याने स्वतः दिलेला ५०० वेगळ्याच कारणांचा असतो. यूआरएल बदलणारं रीराइट गोल गोल फिरतंय, वर्कर कनेक्शन (एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा) पुरत नाहीयेत, किंवा ऑथ रिक्वेस्ट (आधी दुसऱ्या सर्व्हिसला परवानगी विचारणं) लावलीय आणि ती तपासणारी सर्व्हिस होकार किंवा ४०१, ४०३ हे नकार सोडून भलतंच काही देतेय. छोटा फॉर्म जातो आणि मोठा अपलोड ५०० देतो असं असेल तर टेम्प फोल्डरची परवानगी आणि डिस्क बघा, रिक्वेस्टमधला मोठा डेटा तो आधी तिथे लिहितो. आणि मागच्या सर्व्हरवर एकाच आयपीवर चार साईटी असतील तर एन्जिनएक्स मागे एसएनआय (कुठली साईट हवी ते हँडशेकमध्येच सांगणारं नाव) आपणहून पाठवत नाही, प्रॉक्सी एसएसएल सर्व्हर नेम ही सेटिंग ऑन करावी लागते, नाहीतर भलत्याच साईटचं सर्टिफिकेट पुढे येतं.

तपासणी नेहमी फायरवॉलच्या मशीनवरूनच करा, तुमच्या लॅपटॉपवरून केलेल्या टेस्टला इथे फार अर्थ नाही. तिथे बसून रूलमधलंच नाव टाकून साईट उघडा, लिनक्स असेल तर कर्लला (कमांडवरून रिक्वेस्ट मारायचं टूल) रिझॉल्व्हचा पर्याय देऊन नाव आणि आतला आयपी जोडा. कर्लला सर्टिफिकेट न तपासायचा पर्याय मात्र देऊ नका, जो दोष शोधायचाय तोच त्याने झाकला जातो.

जुना टीएमजी अजून चालवणाऱ्यांसाठी खास. मागच्या सर्व्हरवर कोणी सिक्युरिटी कडक करताना टीएलएस १.० (टीएलएस म्हणजे एसएसएलचंच पुढचं रूप) बंद केलं आणि त्याच दिवसापासून साईट बंद पडली, तर कारण जवळपास तेच. टीएमजी जास्तीत जास्त विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर चालतो आणि तिथे टीएलएस १.२ आपोआप चालू नसतं, रजिस्ट्रीत स्कॅनलखाली (विंडोजचा एसएसएल-टीएलएस सांभाळणारा भाग) क्लायंट आणि सर्व्हर दोन्हीसाठी चालू करून मशीन रिबूट करावं लागतं. लोक सर्व्हरची रजिस्ट्री नोंद टाकतात आणि क्लायंटची विसरतात, आणि मागच्या कनेक्शनला लागते ती नेमकी क्लायंटची. टीएलएस १.० परत चालू करून ठेवू नका, ते २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झालंय, आणि टीएमजीचा स्वतःचा एक्स्टेंडेड सपोर्ट १४ एप्रिल २०२० ला संपलाय. रजिस्ट्री बदलून साईट आज उभी करा, आणि त्याच आठवड्यात सगळ्या पब्लिशिंग रूलची यादी काढून ठेवा, कुठलं नाव, कुठला आयपी, होस्ट हेडर (रिक्वेस्टमधलं साईटचं नाव) मूळचा पुढे जातो का बदलून, कुठल्या रूलला कुठला फिल्टर सैल केलाय, कारण नवीन प्रॉक्सीवर जाताना हीच यादी लागणार आहे.