जुन्या गाडीत ऑइल किती? डिपस्टिकवर विसंबण्याआधी या चुका टाळा

मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ऑइल मोजून ओतावं, तर डिपस्टिकवर (म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) पातळी ‘फुल’च्या बोटभर वर दिसते. किंवा उलट होतं: पट्टी ‘लो’ दाखवते म्हणून आणखी लिटरभर ओततो आणि थोड्याच दिवसांत क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं. हा दुसरा उद्योग मी स्वतः केलेला आहे. सील बदललं, गळती सुरूच. पुन्हा बदललं, तरी तेच. शेवटी कळलं की आधीच्या मालकाने डिपस्टिकची नळी बदलली होती आणि नवी नळी थोडी उंच बसली होती. पट्टी तेवढी वर उचलली गेली, पातळी कमी दिसत राहिली आणि मी ओतत राहिलो.

पट्टी, नळी आणि चेंबर (म्हणजे ऑइल पॅन) या तिन्ही गोष्टी एकमेकांच्या असतील तरच त्या खुणेला अर्थ आहे. इतक्या वर्षांत यातलं काहीतरी बदललेलं असणार, असंच धरून चाला. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ या व्ही-8 इंजिनात साधारणपणे 1979 पर्यंत डिपस्टिक डाव्या बाजूला होती, 1980 पासून ती उजवीकडे गेली. अशा इंजिनांचे सुटे भाग इकडचे तिकडे झाले की पट्टी ‘बसते’, पण खरं सांगेलच असं नाही. नळी जास्त आत ठोकली असेल तर धोका उलटा: पट्टी खोल जाते, ऑइल कमी असूनही ‘फुल’ दिसतं, आणि वळणावर पिकअप (चेंबरमधून पंपाकडे ऑइल खेचणारी नळी) हवा ओढतो.

आकडा वाचतानाच चूक

जुन्या ब्रिटिश गाड्यांची मॅन्युअल पिंटमध्ये बोलतात. ब्रिटिश पिंट 568 मिलीचा, अमेरिकन 473 मिलीचा. 8 पिंट म्हणजे एका हिशोबाने 4.5 लिटर, दुसऱ्याने 3.8. क्वार्टचंही तसंच: 1.14 लिटर की 0.95? शिवाय आकडा फिल्टर धरून आहे की सोडून, तेही पाहा. हवेने थंड होणाऱ्या मूळ फोक्सवॅगन बीटलमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे फक्त जाळी असते आणि 2.5 लिटर ऑइल लागतं. जुन्या मिनीत मात्र गिअरबॉक्सही इंजिनाच्याच ऑइलवर चालतो, त्यामुळे आकडा मोठा वाटला तरी बिचकू नका. नव्याने बांधलेलं कोरडं इंजिन नेहमीच्या ऑइल बदलापेक्षा जास्त ऑइल पितं, कारण एरवी थोडं जुनं ऑइल आतल्या वाटांमध्ये राहतंच.

उतार आणि घाई

चेंबर 30 सेंमी लांब, 20 सेंमी रुंद आहे असं समजा. 5 मिमी पातळी म्हणजे 300 मिली ऑइल. जमीन लांबीच्या दिशेने 2 अंश कललेली असेल तर चेंबरच्या दोन टोकांत सुमारे 10 मिमीचा फरक पडतो. पट्टी एका टोकाला असेल तर वाचन 5 मिमीने चुकतं, म्हणजे तेच 300 मिली. जॅकवर चढवलेल्या गाडीत पातळी बघणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. याला अपवाद हवेने थंड होणाऱ्या पोर्शे 911 चा. त्यात ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि पातळी गरम इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवूनच पाहायची असते.

पट्टी तपासायची कशी

ऑइल बदलाच्या दिवशीच हे काम उरकून घ्या. गाडी सपाट जागी ठेवा, गरम ऑइल अर्धा तास निथळू द्या, नवा फिल्टर कोरडाच लावा. आता फिल्टर सोडून चेंबरची जी क्षमता दिली आहे, त्यात एक लिटर कमी ओता. दहा मिनिटांनी पट्टी पाहा. ही तुमची ‘लो’. उरलेला लिटर ओता, पुन्हा थांबा, ही ‘फुल’. इंजिन अजून सुरू करायचं नाही. मग फिल्टरच्या वाट्याचं ऑइल घाला, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून दहा मिनिटांनी बघा. पातळी पुन्हा ‘फुल’च्या आसपास आली पाहिजे.

जुन्या खुणा जुळत नसतील तर पट्टीच्या कडेला कानशीने हलकी रेघ ओढा. रंग टिकत नाही, आणि खोल खाच पाडली तर पट्टी तिथेच मोडून चेंबरमध्ये पडू शकते.

चेंबरच मूळचा नसून बाहेरचा असेल तर मॅन्युअल सोडून द्या. चेंबर काठोकाठ भरून किती मावतं हे मोजण्यातही अर्थ नाही. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) फिरताना सर्वात खाली कुठवर येतात, ते चेंबरच्या कडेपासून मोजा. ऑइलची पातळी त्याच्या स्पष्ट खाली हवी. नाहीतर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि प्रेशरचा काटा नाचायला लागतो. ही उंची पट्टीवर उतरवताना तिचा तिरकेपणा धरा: पट्टी उभ्यापासून 30 अंश कललेली असेल तर 10 मिमी उंचीला पट्टीवर 11.5 मिमी लागतात.

एक मात्र लक्षात ठेवा: ऑइल न घालता पातळी वाढत असेल तर पट्टीला दोष देऊ नका. पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा असेल तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. दोन्ही वेळी इंजिन सुरू न करता आधी ते शोधा, मग ऑइल बदला.